पद्मिनीच्या बॉनेटचा जुना रंग

परवा बाबांच्या पद्मिनीचं बॉनेट एकदाचं पत्र्यापर्यंत सोललं. गाडी १९८६ची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली, मधे दोनदा रंग मारलेला, आणि आता वरूनच एक हात मारून देतो म्हणणारे पेंटर तिघं भेटले. पण बॉनेटवर बारीक तडे गेले होते, आणि खालच्या रंगाला तडे असले की वर कितीही भारी रंग मारा, काही महिन्यांत तेच तडे परत वर येतात. बाकी जिथे रंग घट्ट धरून आहे, कुठे फुगा नाही, तिथे उगाच खरवडू नये, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घेतलं तरी पुरतं असं माझं ठाम मत आहे.

ग्राइंडरला मी साफ नाही म्हटलं. बॉनेटसारखा मोठा सपाट पत्रा ग्राइंडरखाली तापला की ताणला जातो, मग दाबला की डबडब वाजतो आणि ते झाकायला लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थर चढतात. त्यापेक्षा जुना रंग सोडवणारा रिमूव्हर बरा. सावलीत, उघड्यावर, हातात जाड रबरी ग्लोव्ह्ज, डोळ्यांना चष्मा आणि पाण्याची बादली शेजारीच, कारण थेंब उडाला की कातडी भाजते. ब्रशने जाडसर थर एकाच दिशेने लावायचा, परत परत फिरवायचा नाही, आणि वर प्लास्टिक टाकून ठेवायचं म्हणजे तो लवकर सुकत नाही. कडेला जिथे पत्रा आत दुमडलेला असतो तिथे मात्र इंचभर टेप लावून जागा सोडायची, त्या घडीत रिमूव्हर शिरला तर निघत नाही आणि नंतर नवा रंग तिथूनच उचलतो. त्या कडा हाताने, पेपर ओला करून घासल्या, जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकात नको.

वीसेक मिनिटांनी प्लास्टिक उचललं तर रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला. स्क्रॅपरचे कोपरे आधीच कानशीने गोल केले होते, म्हणून पत्र्यावर ओरखडा नाही. आधी पांढरा निघाला, मग क्रीम, आणि त्याखाली गडद निळा. बाबा खुर्चीवरून उठून आले, त्या निळ्यावर अंगठा फिरवत बराच वेळ उभे राहिले. इतकी वर्षं गाडी चालवली पण तिचा मूळ रंग त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला.

मग पाण्याने धुतलं, लगेच कोरडं केलं, थिनरने पुसलं आणि त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा गंज रोखणारा थर, मारला. हे मी जुलैत शिकलो, तेव्हा एक दरवाजा सोलून रात्रभर तसाच ठेवला होता आणि सकाळी पत्र्यावर हळद शिंपडल्यासारखा गंज, सगळी मेहनत परत करावी लागली.

आता राहिलं छत. ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. बाबा म्हणतायत निळाच मारू.