अडकित्त्याच्या नादी लागू नका: केळकर संग्रहालय आणि लिनोचे ठसे

"घरच्या घरी, तासाभरात लिनो प्रिंट" असं कुणी सांगितलं तर त्याला लांबूनच नमस्कार करा. लिनो म्हणजे लिनोलियमचा चपटा तुकडा: त्यावर चित्र कोरायचं, न कोरलेल्या उंच भागाला शाई लावायची आणि कागदावर ठसा उठवायचा. आम्हा दोघींना दोन दिवस लागले, एक बोट कापलं, आणि चौदा ठशांतले तीन कुणाला दाखवण्यासारखे निघाले.

नाशिकहून पुण्याला जायचं, राजा दिनकर केळकर संग्रहालयात रेखाटनं करायची आणि रात्री मैत्रिणीच्या घरी त्यांचे ठसे काढायचे, असा बेत होता. प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. बाजीराव रस्त्यावर स्वतःची गाडी मात्र नेऊ नका, रिक्षा करा. आत गेल्यावर आधी विचारून घ्या की बसून चित्र काढलं तर चालेल का. शाई-रंग पिशवीतच राहू द्या, पेन्सिल पुरते. तीन तास उभं राहायची तयारी हवी.

ज्याला विचारावं तो म्हणतो, मस्तानी महाल बघा. बघा जरूर, कोथरूडहून आणून इथे संग्रहालयात उभारलेला आहे, सुंदरच आहे. पण ठशासाठी काढत बसू नका. माझा पाऊण तास त्या नक्षीत गेला आणि हाती आलं ते शेडिंग. लिनोला शेडिंग कळत नाही. त्याला काळं कळतं नाहीतर पांढरं. म्हणून डोळे किलकिले करून बघायचं, आणि नुसत्या बाह्याकारावरून वस्तू ओळखू आली तरच वही उघडायची. दिवे या परीक्षेत पास होतात. समई तर डोळे झाकून घ्या. लामणदिवा घेतलात तर साखळी गाळा, तिची एकेक कडी कोरताना आयुष्य सरेल.

आता अडकित्ते. कपाटात ते असे दिसतात की वाटावं, हे ठशासाठीच घडवलेत: पोपट, मोर, घोडे, जोडपी. मी राधाकृष्णासारखं दिसणारं एक जोडपं निवडलं आणि तिथेच फसले. दोन दांडे, मधली खीळ, त्यावर दोन चेहरे, आणि हे सगळं तळहाताएवढ्या तुकड्यावर! रात्री साडेअकराला कृष्णाचं नाक उडालं. ते सावरायला गेले तर राधेची हनुवटी गेली. मग कोरणी घसरली आणि डाव्या हाताच्या तर्जनीत. चूक माझीच, धरणारा हात पात्याच्या पुढे होता. तो कायम मागे ठेवा. आणि लिनो कडक लागत असेल तर जोर लावू नका, दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा नाही पण निदान चपलेच्या तळासारखा होतो. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कडक असण्याचं कारणही सांगते. पेठेतल्या एका दुकानात "पूर्ण संच" म्हणून १,८५० रुपये घेतले. कोरण्या बोथट, लिनो जुनाट, आणि शाई पाण्यातली, जी पंख्याखाली कागद ठेवेपर्यंत वाळून गेली. संच घेऊच नका. एक व्ही आकाराची कोरणी, एक रुंद कोरणी, छोटा रबरी रोलर आणि तेलातली शाई सुटी घ्या. शाई पसरायला जुनी काच चालते. प्रेस लागत नाही, कागदाच्या पाठीवर वरणाचा डाव पालथा घासा. जाड हातकागद कितीही देखणा असला तरी डावाने त्यावर ठसा धड उठत नाही, पातळच घ्या.

दुसऱ्या सकाळी मी वज्रीवर आले. पाय घासायची पितळी वस्तू, वर मोर. मोठा आकार, जाड मान, तळाशी आडव्या रेघा. दीड तासात कोरून झाला. हौसेने खाली "पुणे" कोरलं आणि ठशात ते उलटं आलं! मैत्रीण पोट धरून हसली. १८०५ मध्ये मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून अख्खी गीता छापली होती. सातशे श्लोक, सगळे उलटे कोरलेले, आणि इथे आमची दोन अक्षरं. उपाय सोपा आहे: चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने गिरवा, तो पालथा घालून लिनोवर घासा, म्हणजे लिनोवर उलटं उतरतं आणि कागदावर सुलटं येतं.

तिसऱ्या ठशाला कागद सोलून काढला आणि मोर काळाकुळकुळीत, कडा स्वच्छ! कापलेलं बोट वगैरे सगळं विसरले. त्या भरात आणखी अकरा ठसे काढले, शाई न वाढवता, आणि त्यातले नऊ फिकट आले. म्हणून दर ठशाला शाई लावा, कितीही आनंद झाला तरी.

अडकित्त्याचा तुकडा पिशवीत तसाच आहे. पुढच्या खेपेला फक्त पोपट घेणार, एकच.