टेस्ट ड्राइव्हला जाताना खिशात टेप ठेवा

स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटली की पहिली चर्चा होते ती शून्य ते शंभरची. बीएमडब्ल्यू एम २ चार सेकंदांच्या आसपास, फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय सहाच्या जरा आत. आकडे खरे आहेत, पण पुण्यात राहणाऱ्याला त्यावरून गाडी निवडता येत नाही. एक्स्प्रेसवेवर मोटारींना १०० ची मर्यादा, घाटात त्याहून कमी, आणि शहरात तिसरा गिअर पडला तरी नशीब. इथे गाडी मनातून उतरते ती वेगळ्याच कारणांनी. सोसायटीच्या रॅम्पवर रोज बंपर घासतो, वाकडच्या सर्व्हिस रोडला गिअरबॉक्स धक्के देतो, वर्षाच्या आत दुसरी रिम वाकते. टेस्ट ड्राइव्ह असते ती हे सगळं आधी कळावं म्हणून. गाडी पळते का, हे बघायला शोरूमपर्यंत जायची गरज नाही. पळतेच.

म्हणून सुरुवात घरून करायची. एक टेप, एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची पाणसळ घेऊन पार्किंगच्या रॅम्पपाशी जा. पट्टीचं वरचं टोक रॅम्पला टेकवा, पट्टी समपातळीत धरा आणि खालच्या टोकाखाली किती सेंटिमीटर जागा उरते ते मोजा. १० आले तर चढ एकास दहा, १४ आले तर साधारण एकास सात. हा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा. आता गाडीपाशी दोन मापं घ्यायची: पुढच्या बंपरची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, आणि त्या कडेपासून पुढचं टायर जमिनीला टेकतं तिथपर्यंतचं अंतर किती. समजा उंची १२ आणि अंतर ८५ सेंटिमीटर. १२ ला ८५ ने भागलं की ०.१४, म्हणजे मीटरमागे १४ सेंटिमीटरचा चढ ही त्या गाडीची हद्द. तुमचा रॅम्प १५ चा असेल तर विषय संपला. १३ चा असला तरी खुश होऊ नका, कारण उतरताना तळाशी ब्रेक लागला की नाक खाली झुकतं आणि घासायचं ते तिथेच घासतं. हाताशी दोन सेंटिमीटर तरी शिल्लक हवेत. रॅम्पच्या वरच्या टोकाला पोट टेकण्याचा धोका असतो, पण बहुतेक गाड्यांत बंपर त्याच्या आधी जातो.

पोर्शे ९११ मध्ये पुढचा एक्सल उचलायची सोय मिळते, बटण दाबलं की नाक सुमारे ४ सेंटिमीटर वर येतं. पण ती ऑप्शन आहे, प्रत्येक ९११ मध्ये नसते, आणि मागाहून बसवून घेणं सोपं नाही. वापरलेली ९११ बघत असाल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा.

स्टॅक पार्किंग, म्हणजे गाड्या एकावर एक उभं करणारं, असेल तर आणखी एक काम. पॅलेटवर (गाडी उभी राहते तो लोखंडी पाट) किंवा खांबावर पत्र्याची पाटी असते, तिच्यावर जास्तीत जास्त लांबी, रुंदी, उंची आणि वजन लिहिलेलं असतं. उंचीची चिंता आपल्याला नाही. रुंदीची आहे. एम २ आरसे सोडून १८८७ मिलिमीटर रुंद आहे, गोल्फ १७८९ मिलिमीटर. हे १० सेंटिमीटर कागदावर काहीच वाटत नाहीत, पण पॅलेटच्या दोन्ही बाजूंना उभ्या कडा असतात आणि लो प्रोफाइल (कमी उंचीच्या भिंतीच्या) टायरमध्ये रिमची कड टायरच्या जवळजवळ बरोबरीने बाहेर आलेली असते. एकदा अंदाज चुकला की रिमवर ओरखडा उमटलाच. शिवाय एम २ चं वजन १७०० किलोच्या घरात आहे, तेही पाटीशी ताडून बघा.

स्पीडब्रेकरचं गणित निराळं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्याचा चढ इतका हळू असतो की बसकी गाडीही सावकाश निघून जाते. त्रास देतात ते अरुंद ब्रेकर: गल्लीत कुणीतरी उत्साहाने घातलेले डांबराचे उंचवटे (माप कुठून काढतात देव जाणे) आणि सोसायट्यांच्या आतल्या काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या. असा उंचवटा दोन चाकांच्या मधे आला की ग्राउंड क्लिअरन्समधून, म्हणजे गाडीच्या पोटाच्या जमिनीपासूनच्या उंचीतून, त्याची उंची वजा केली की उरते तेवढीच फट. १२ तून १० गेले, राहिले २. चौघं बसले, बूट (डिकी) भरला की हे २ सुद्धा जातात. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरची मंडळी सोबत न्या, गाडी भरून चालवून बघा आणि आपल्या गल्लीतल्या सर्वांत वाईट ब्रेकरवरूनच न्या. बीएमडब्ल्यू झेड ४ किंवा पोर्शे ७१८ असेल तर घरचं एकच माणूस सोबत येईल, मागची सीटच नाही.

शोरूमचा ठरलेला फेरा बहुधा पाच-सहा किलोमीटरचा आणि गुळगुळीत रस्त्याचा असतो. त्यावर सगळ्याच गाड्या छान वाटतात. आधी फोन करून तासाभराचा वेळ मागा आणि रस्ता तुम्ही सुचवा. बावधन-कोथरूडकडच्यांना चांदणी चौकातून पौड रस्त्याने भूगाव, भुकूम करत पिरंगुटचा छोटा घाट हा पट्टा चांगला: गर्दी, ब्रेकर, खडबडीत डांबर, चढ, वळणं, सगळं एकाच फेरीत. कोंढवा-कात्रजच्या बाजूला बोपदेव किंवा कात्रजचा जुना घाट. शनिवार-रविवार टाळा, फिरायला निघालेल्यांच्या रांगेत अडकायला होतं. लायसन्स जवळ ठेवा आणि निघण्याआधी सही करायला देतात तो कागद वाचा. अपघात झाला तर विम्यात न बसणारी रक्कम कुणी भरायची, ते त्यात लिहिलेलं असतं.

गाड्यांची तुलना करताना सर्वांत जास्त दगा देते ती आपली आठवण. एक गाडी शनिवारी चालवली, दुसरी पुढच्या आठवड्यात, आणि मग ‘हिचं स्टिअरिंग जड वाटलं’ असं म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. त्याच सकाळी त्याच रस्त्यावर आधी आपली रोजची गाडी फिरवा. तेच तुमचं माप. मग पहिली गाडी, मग दुसरी, आणि जमलं तर पुन्हा पहिली. ही तिसरी फेरी मिळवायला थोडी गयावया करावी लागते, पण खरा निकाल तीच देते. दमदार गाडी आधी चालवली तर दुसरी उगाच मरगळलेली वाटते. पहिलीकडे परत गेलं की कळतं, फरक गाडीत होता की फक्त क्रमात.

निघण्याआधी टायरची हवा तपासा, स्वतःच्या गेजने. गाड्या जहाजातून, ट्रेलरवरून येताना आणि बरेच दिवस उभ्या असताना टायर एका बाजूला बसू नयेत म्हणून हवा बरीच जास्त भरतात, आणि ती कमी करायचं कधीकधी राहून जातं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा आठ-दहा पीएसआय जास्त असेल तर गाडी टणाटण उडते, आणि आपण सस्पेन्शनला नावं ठेवून घरी येतो. मापायचं ते टायर थंड असताना. तापल्यावर तीन-चार पीएसआय वाढतातच. दोन्ही गाड्या आधी कम्फर्ट मोडमध्ये चालवा. सेल्समन हमखास स्पोर्ट मोड लावून देतो, कारण त्यात आवाज वाढतो आणि पाय लावल्याबरोबर गाडी उसळते. इंजिनाची ताकद तेवढीच असते.

आता चालवताना काय बघायचं. आधी रांगणं: पाच ते दहाच्या वेगाने थांबत, सरकत दहा मिनिटं. ड्युअल क्लच गिअरबॉक्स, म्हणजे गोल्फचा डीएसजी किंवा पोर्शेचा पीडीके, हलल्यावर विजेसारखे गिअर बदलतात. पण रांगताना त्यांना क्लच अर्धवट टेकवून घसरत ठेवावा लागतो, त्यामुळे थोडा धक्का जाणवू शकतो, आणि चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर क्लच तापतो. या दोन्हींत क्लच तेलात बुडालेले असतात, ते कोरड्या क्लचपेक्षा बरेच सोसतात, तरी सवय ब्रेकवर थांबायचीच हवी. एम २ आणि झेड ४ चा आठ गिअरचा ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा, आणि गर्दीत तो सरळ उजवा ठरतो. या दोघींत सहा गिअरचं मॅन्युअलही मिळतं. हौस म्हणून ते उत्तम आहे, पण क्लच किती जड आहे ते संध्याकाळी सहाला हिंजवडीच्या रांगेत ठरवा, सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर नको.

चढावर रिव्हर्स घेऊन बघा. इंच-इंच मागे घेताना काही गाड्या एकदम उडी मारतात, आणि स्टॅक पार्किंगमध्ये हे महागात पडतं.

मोकळा पट्टा मिळाला की शून्य ते शंभरच्या नादी न लागता ४० ते ८० बघा. मॅन्युअल मोडमध्ये तिसरा गिअर ठेवा, ४० वर स्थिर व्हा आणि पाय पूर्ण दाबा. पाय दाबल्यापासून जोर येईपर्यंत किती थांबावं लागलं, ते महत्त्वाचं. टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, दाब तयार करायला क्षणभर लागतो. ट्रक मागे टाकताना हाच क्षण खुपतो. ७१८ मध्ये हा फरक शिकण्यासारखा आहे: चार सिलिंडरची साधी ७१८ टर्बोवर चालते, तर जीटीएस ४.० मध्ये टर्बोशिवायचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. ते खालच्या फेऱ्यांत शांत, पण पायाला लगेच उत्तर देतं आणि वरपर्यंत चढत जातं. माझं मत विचाराल तर शहरात टर्बो सोयीचा, घाटात जीटीएस. पण ७१८ चं उत्पादन थांबलंय, तेव्हा निवड वापरलेल्यांतूनच.

आवाज काच बंद करून आणि उघडून, दोन्ही प्रकारे ऐका. हल्ली बऱ्याच गाड्यांत आतला आवाज थोडाफार स्पीकरमधून येतो. काचा उघडल्यावर जो ऐकू येतो तो एक्झॉस्टचा. टायरचा आवाज मात्र सिमेंटच्या रस्त्यावर ऐकायचा. रुंद टायर सिमेंटवर जी एकसुरी घरघर लावतात, तिने महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत डोकं उठतं.

ब्रेक एकदा जोरात लावून बघा, मागे कुणी नाही याची खात्री करून आणि सेल्समनला आधी सांगून. ६० वरून पूर्ण थांबेपर्यंत. पायाखाली एबीएसची थरथर ठीक आहे, स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क तपासायला सांगा. धुतलेल्या किंवा पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात. तो डिस्कवरचा वरवरचा गंज, लगेच जातो.

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचा. एम २ ला मागे २८५/३० आर २० आहे, म्हणजे टायरच्या भिंतीची उंची २८५ चे ३० टक्के, साडेआठ सेंटिमीटर. गोल्फच्या २२५/४० आर १८ ला ९ सेंटिमीटर. फरक फक्त अर्ध्या सेंटिमीटरचा, पण एम २ जवळपास तीनशे किलो जड आहे. ड्रेनेजच्या झाकणाभोवती रस्ता उकरलेला असतो त्या कडेवर चाक आपटलं की भिंत रिमपर्यंत दबते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा दिसतो. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही, टायरच बदलायचं. पुढचं-मागचं माप वेगळं असेल तर चाकांची अदलाबदलही करता येत नाही. विमा घेताना टायर-रिमचं वेगळं कव्हर विचारा आणि बूटमध्ये स्टेपनी आहे की नुसती पंक्चर किटची बाटली, तेही बघून घ्या.

डेमो कार, म्हणजे शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी, स्वस्तात देऊ करतात. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना २००० किलोमीटरला रनिंग-इन (नवं इंजिन रुळल्यावरची) सर्व्हिस असते, तीत इंजिन ऑइल आणि डिफरन्शियलचं तेल बदलतात, आणि तोपर्यंत ५५०० आरपीएमच्या वर जायचं नसतं. पहिल्या दिवसापासून दहा जणांनी पिळलेल्या डेमो कारने हे पथ्य पाळलं असेल का, तुम्हीच ठरवा. निदान त्या सर्व्हिसची नोंद तरी मागा.

वापरलेली गाडी असेल तर पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) भाड्याने का होईना मिळवा. कारखान्याचा रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्या पॅनेलवर ३०० च्या वर गेला तर ते पुन्हा रंगवलेलं असावं, खाली लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते. ॲल्युमिनियमचं बॉनेट असेल तर साधं चुंबकी गेज चालत नाही, दोन्ही धातूंवर चालणारं घ्या. पोर्शे असेल तर सर्व्हिस सेंटरकडून ओव्हर-रेव्ह रिपोर्ट काढून घ्या. इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं, हे कंट्रोल युनिटमध्ये टप्प्याटप्प्याने नोंदलेलं असतं.

आणि पाणी. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. गाडी नंतर कितीही घासूनपुसून ठेवली तरी सीटबेल्ट सांगतो. पट्टा शेवटपर्यंत ओढा, अगदी रीळ थांबेपर्यंत. रोज वापरात न येणाऱ्या शेवटच्या वीतभर भागावर मातकट रेघ किंवा कडक झालेला पोत दिसला तर पुढचं काही बघू नका. सीटचे रूळ आणि त्यांचे बोल्ट टॉर्चने पाहा, गालिचाखाली हात घाला.

पैशांचं थोडक्यात: ऑन-रोड किंमत वैयक्तिक नावावर आणि कंपनीच्या नावावर अशी दोन्ही लेखी मागा, महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर रोड टॅक्स जास्त लागतो. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर) घेतात, तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून तो खर्चात धरू नका. वापरलेल्या गाडीवर बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं आहेत का, ते ऑनलाइन तपासता येतं. आणि दिल्ली-हरियाणाच्या नंबरची गाडी पाच-सहा लाखांनी स्वस्त दिसली तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथे नव्याने भरायचा रोड टॅक्स त्या किमतीत मिळवा, मगच एमएच १२ च्या गाडीशेजारी ती मांडा.