नेहरूनगरला हॉकी बघायला जाताय?

आधी कबूल करतो, आम्ही पहिल्यांदा बालेवाडीला जाऊन धडकलो. भाच्याने ‘ध्यानचंद स्टेडियम’ एवढंच कळवलं होतं आणि आमच्या पिढीच्या डोक्यात मोठं स्टेडियम म्हणजे बालेवाडी. मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम पिंपरीत आहे, नेहरूनगरला. दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखी स्वारगेटहून मेट्रो पकडली, संत तुकाराम नगरला उतरलो आणि पुढे रिक्षा केली. रिक्षावाल्याला ‘हॉकीचं स्टेडियम’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो तुम्हाला मगर स्टेडियमला सोडेल. एसटीने येणाऱ्यांना वल्लभनगर आगार जवळ पडतं.

सामना ज्युनिअर मुलांचा, तोही खालच्या क्रमांकासाठी. “हे बघायला एवढ्या लांब?” असं घरून ऐकून निघालो होतो. पण खालच्या क्रमांकाला कमी लेखू नये. 2025 च्या ज्युनिअर वर्ल्ड कपमध्ये 24 संघांत बांगलादेश सतरावा आला, आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल कोणाचे? त्यांच्याच अमीरुल इस्लामचे, 18! शिवाय गर्दी नसली की कुंपणाला चिकटून उभं राहता येतं. टीव्हीवर जे कधीच ऐकू येत नाही ते इथे ऐकू येतं: गोलकीपर सतत ओरडत असतो, “डावीकडे! अरे डावीकडे!”

तिसऱ्या क्वार्टरमध्ये पेनल्टी कॉर्नर मिळाला, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी. बचाव करणाऱ्या पोरांनी घाईघाईने तोंडाला मास्क चढवले. चेंडू आत आला, अडवला गेला, आणि एका काटक पोराने असा काही हाणला की तो थेट जाळीच्या वरच्या कोपऱ्यात. मी टाळ्या वाजवल्या. फक्त मीच. पंचांनी गोल नाकारला होता. भाचा कपाळावर हात मारून म्हणाला, “मामा, कॉर्नरवर पहिला फटका हाणलेला असेल तर गोल लाइनवर चेंडू गोलच्या आतल्या मागच्या लाकडी फळीपेक्षा उंच चालत नाही. ड्रॅग फ्लिक, म्हणजे न हाणता स्टिकने ओढत फेकलेला चेंडू, असती तर चाललं असतं.” फळी जेमतेम दीड फूट उंच. तो पोरगा मात्र स्टिककडेच बघत राहिला, जणू चूक तिचीच होती.

जाणार असाल तर अर्धा तास आधी पोचा. टर्फवर पाणी मारताना बघण्यात गंमत आहे; पाण्यामुळे चेंडू सरसर पळतो. टोपी आणि पाण्याची बाटली घ्याच. डबाही न्या, आम्ही वडापाव शोधायला बाहेर पडलो आणि तेवढ्यात दोन गोल हुकले. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांचा असतो, मधली सुट्टी फार मोठी नसते.

भाचा खडकीत राहतो, म्हणजे हॉकीपटू धनराज पिल्लेच्या गावचा. परतताना तो खडकीला उतरला आणि स्वारगेटपर्यंत मी फोनवर तो फळीचा नियम पुन्हा वाचत बसलो.