ड्रॉ निघाला म्हणून लगेच तक्ता भरू नका (माझा अनुभव)

टेनिसच्या ग्रँड स्लॅमचा ड्रॉ, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची मांडणी, ज्या दिवशी निघेल त्याच रात्री बाराच्या आत प्रत्येक सामना कोण जिंकेल याच्या अंदाजाचा भरलेला तक्ता पाठवायचा, असा आमच्या ग्रुपचा नियम होता. नियम केला वाडीतल्या एका दादाने. का, तर एक्सेलमध्ये नावं चढवायला त्याला शनिवार-रविवार मोकळा मिळावा म्हणून. पैसे वगैरे काही नाहीत, जो तळाला राहील त्याने बाकीच्यांना कोंबडी-वडे घालायचे, एवढंच. पण या एका नियमापायी जेवढी चिडचिड झाली तेवढी चुकलेल्या निकालांपायी कधी झाली नाही.

तक्त्याचा हिशोब सोपा आहे. पुरुष एकेरीत १२८ खेळाडू, १२७ सामने. पहिल्या फेरीतल्या बरोबर नावाला १ गुण, पुढे २, ४, ८, १६, ३२ आणि विजेत्याला ६४. म्हणजे प्रत्येक फेरीचे मिळून ६४च. पहिल्या फेरीत दहा नावं चुकली तरी दहाच गुण जातात. पण ज्याला उपांत्य फेरीपर्यंत नेला तोच पहिल्या दिवसाआधी गळाला, तर एका फटक्यात ३१ गुण गेले. सगळं दुखणं इथे आहे.

२५ ऑगस्ट २०१७, शुक्रवार, गणेश चतुर्थी. घरात चाकरमानी, ओटीवर चटया टाकलेल्या, भजनाची पेटी चालू, आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी यूएस ओपनचा ड्रॉ. नदालला पहिलं मानांकन, मरेला दुसरं, फेडररला तिसरं. पहिला आणि दुसरा नेहमीच विरुद्ध अर्धात असतात. तिसरा कुठल्या अर्धात पडेल ते चिठ्ठीवर. फेडरर नदालच्या अर्धात पडला. खालच्या अर्धात मरे, चौथा झ्वेरेव, पाचवा चिलिच. बारा वाजायच्या आत मोदकाच्या हातांनी तक्ता भरला आणि पाठवला. मरे उपांत्य फेरीत.

शनिवारी मरेने माघार घेतली.

आता नियम नीट समजून घ्या, कारण आमच्या ग्रुपमध्ये तो तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता, दादालाही नाही. ड्रॉ निघाल्यावर, पण पहिल्या दिवसाचा कार्यक्रम जाहीर व्हायच्या आधी वरचा मानांकित गेला, तर त्याच्या जागी पात्रता फेरीत हरलेला कोणी येत नाही. मानांकित सरकतात. त्या वेळी मरेच्या जागी पाचवा चिलिच गेला. चिलिचच्या जागी सतरावा क्वेरी. क्वेरीच्या जागी मानांकनाबाहेरचा पहिला, म्हणजे तेहेतिसावा कोलश्रायबर. आणि कोलश्रायबरची जी रिकामी जागा उरली तिथे लकी लूझर म्हणून, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरूनही जागा मिळालेला, लाच्को. एक माणूस गेला आणि चार जागांवरची नावं बदलली.

माझ्या तक्त्यात चिलिच झ्वेरेवच्या पावभागात (ड्रॉच्या चौथ्या हिश्शात) होता, तो आता मरेच्या पावभागात. क्वेरी तर वरच्या अर्धातून खालच्या अर्धात आला. दादाचा एक्सेल जागेच्या क्रमांकावर चालायचा, त्यामुळे चिलिचने पहिली फेरी जिंकूनही मला शून्य. 'नाव बरोबर आहे रे, पण जागा चुकली,' हे त्याचं उत्तर. जागा मी चुकवली नव्हती, जागा हलली होती! तक्ता मात्र कुलूपबंद.

त्या खालच्या अर्धाचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. चिलिच तिसऱ्या फेरीत श्वार्ट्झमनकडून हरला. झ्वेरेव दुसऱ्या फेरीतच चोरिचकडून गेला. सरकलेला क्वेरी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि तिथे अँडरसनकडून हरला. कारेन्यो बुस्टाला पहिल्या चारही फेऱ्यांत समोर पात्रता फेरीतून आलेलेच खेळाडू मिळाले. शेवटी अंतिम फेरीत अठ्ठाविसावा मानांकित अँडरसन, आणि नदालने त्याला ६-३, ६-३, ६-४ असं संपवलं. मरेने ड्रॉच्या आदल्या दिवशी माघार घेतली असती तर फेडररला दुसरं मानांकन मिळून तो नदालच्या अर्धात पडूच शकला नसता. चोवीस तासांचा फरक, अख्ख्या स्पर्धेची मांडणी वेगळी.

मरेचं लक्षण आधी दिसत होतं, हेही कबूल करतो. जुलैत विम्बल्डनला तो क्वेरीविरुद्ध लंगडत हरला होता आणि त्यानंतर न्यूयॉर्कपर्यंत एकही सामना खेळला नव्हता. मोठ्या स्पर्धेआधीच्या दोन मास्टर्समधून (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या स्पर्धांतून) नाव काढलेला खेळाडू तक्त्यात तिसऱ्या फेरीपुढे न्यायचा नाही, हे मी तेव्हापासून पाळतो. यूएस ओपनआधी कॅनडा आणि सिनसिनाटी बघायच्या, फ्रेंचआधी माद्रिद आणि रोम.

उलटी गोष्ट २०२२च्या ऑस्ट्रेलियन ओपनची. ड्रॉ १३ जानेवारीला, भोगीच्या दिवशी. पहिला मानांकित जोकोविच याच्या व्हिसाचं प्रकरण रविवारी संपून तो स्पर्धेबाहेर गेला, तोवर सोमवारचा कार्यक्रम जाहीर होऊन त्यात त्याचं नावही लागलं होतं. म्हणून या वेळी पाचवा रुब्लेव सरकला नाही. क्रमवारीत १५०वा असलेला कारुसो लकी लूझर म्हणून थेट पहिल्या मानांकिताच्या जागी बसला आणि केचमानोविचकडून हरला. बाकी ड्रॉ जागच्या जागी. त्या वर्षीची संक्रांत एकाच पावभागावर आली, २०१७सारखी सगळ्या तक्त्यावर नाही. म्हणजे माघार ऐकली की पहिला प्रश्न 'कोण गेला' हा नाही. 'कार्यक्रम लागला होता का' हा आहे.

लकी लूझर हरलेला असतो खरा. त्याला कमी लेखू नका, तो नुकतेच दोन सामने जिंकून त्याच कोर्टांवर सरावलेला असतो. आणि माघारी त्या दोन-तीन दिवसांतच का होतात त्यालाही कारण आहे. २०१८पासून ग्रँड स्लॅममध्ये नियम आला की मुख्य स्पर्धा सुरू होण्याआधीच्या गुरुवारी दुपारी बारानंतर स्पर्धेच्या जागी हजर राहून माघार घेणाऱ्या दुखापतग्रस्ताला पहिल्या फेरीचे अर्धे पैसे मिळतात, उरलेले अर्धे त्याच्या जागी येणाऱ्याला. त्याआधी लोक पूर्ण पैशासाठी उतरायचे आणि अर्ध्यात सोडायचे. २०१७च्या विम्बल्डनला सेंटर कोर्टवर एकाच दिवशी क्लिझानने जोकोविचसमोर आणि लगेच पुढच्या सामन्यात डोल्गोपोलोवने फेडररसमोर सामना सोडला होता. तिकीट काढून बसलेल्यांचं काय झालं असेल! आता तसले खेळाडू आधीच बाहेर पडतात, म्हणजे नेमके आमच्या दादाची मुदत संपल्यावर.

दुसरी भानगड पात्रतेच्या १६ जागांची. बहुतेक वेळा ड्रॉ निघतो तेव्हा पात्रता फेरी चालूच असते, आणि त्या जागांवर नुसतं 'पात्रता' लिहिलेलं असतं. नावं नंतर चिठ्ठी टाकून बसतात. त्या रात्री तक्ता भरणारा माणूस 'पात्रता म्हणजे कोणी तरी सोम्यागोम्या' धरून मानांकिताला पुढे सरकवतो. २०२५च्या विम्बल्डनला आठव्या मानांकित रूनेला पात्रतेतून आलेल्या हारीने पहिल्याच फेरीत घालवलं. विम्बल्डनची पात्रता तर वेगळीच: शेवटच्या फेरीत पुरुषांना पाच सेटचा सामना. तिथून वर आलेला माणूस गवतावर तीन सामने जिंकून आलेला असतो, आणि समोरचा मानांकित कदाचित फ्रेंचनंतर गवतावर एकदाच उतरलेला. त्याच वर्षी पहिल्या फेरीत पुरुषांचे १३ मानांकित गेले, त्यात झ्वेरेव, मुसेत्ती, मेदवेदेव सगळे.

ड्रॉची पीडीएफ उघडली की आधी तळाची चौकट वाचायची. मानांकितांची यादी, लकी लूझर, माघार घेतलेले, सगळं तिथे असतं. शुक्रवारी उतरवलेली फाइल रविवारी वापरायची नाही, पुन्हा उतरवायची. आमच्याकडे पावसात लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो, म्हणून विम्बल्डनच्या आठवड्यात रेंज आहे तोवर फाइल उतरवून ठेवलेली बरी. तिकडे पाऊस पडला तर सेंटर आणि एक नंबर कोर्टला छप्पर आहे, बाकीची कोर्टं झाकून बसतात. मग छपराखालचा खेळाडू वेळेवर मोकळा होतो आणि बाहेरच्याला अडकलेले सामने विश्रांतीच्या दिवसाशिवाय लागोपाठ खेळावे लागतात. उशिरा भरायची मुभा असेल तर तिसऱ्या फेरीत याचा हिशोब धरा.

नावं निवडायची कशी, यात मला कधी फार अडचण आली नाही. क्रमवारी गेल्या ५२ आठवड्यांची असते आणि सगळ्या प्रकारची कोर्टं एकत्र करते. म्हणून ती स्पर्धा ज्या कोर्टावर आहे त्यावरचे, म्हणजे लाल माती, गवत किंवा हार्डकोर्टवरचे आकडे वेगळे काढायचे. मी एकच आकडा धरतो: स्वतःच्या सर्व्हिसवर शेकडा किती गुण जिंकतो. ६० असेल तर सर्व्हिस राखण्याची शक्यता सुमारे ७४ टक्के, ६५ला ८३, ७०ला ९०. वरवर पाच गुणांचा फरक, पण सेटमध्ये तो फार पसरतो. पाच सेटमध्ये वरचढ खेळाडूला आणखी फायदा: सेट जिंकण्याची शक्यता ७० टक्के असेल तर तीन सेटचा सामना ७८ टक्के, पाच सेटचा ८४. त्यामुळे तीन सेटच्या मास्टर्समध्ये धक्कादायक निकाल धरा, ग्रँड स्लॅमच्या चौथ्या फेरीपुढे नको.

अर्धवट सुटलेल्या सामन्याचा नियम ग्रुपमध्ये आधीच ठरवून घ्या, नाहीतर भांडणं होतात. एकदा खेळ सुरू होऊन कोणी सोडला तर तो निकाल धरतात, समोरच्याच्या खात्यात विजय. एकही चेंडू न पडता पुढे चाल मिळाली तर खेळाडूच्या जय-पराजयात तो सामना धरत नाहीत, पण तक्त्यात तो पुढे जातोच, म्हणून आम्ही गुण देतो. २०२५ला विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत दिमित्रोव सिनरविरुद्ध दोन सेट पुढे असताना छातीच्या स्नायूने दगा दिला आणि त्याने सामना सोडला. लागोपाठ पाचव्या ग्रँड स्लॅममध्ये. ज्याने त्याला पुढे नेला होता त्याने ग्रुप सोडायची धमकी दिली होती. पण पाचपैकी चार आधीच घडले होते, आकडा समोर होता.

दादाला वळवायला मला तीन गणपती लागले. शेवटी मी त्याच्या एक्सेलमध्येच दाखवून दिलं की २०१७चा एकही तक्ता त्या ड्रॉशी जुळत नव्हता, म्हणजे तळाला आलेल्याने जे कोंबडी-वडे घातले ते फुकट गेले. ते घालणारा दादाच होता, तेव्हा पटलं. आता मुदत अशी: पहिला सामना सुरू व्हायच्या एक तास आधी. मेलबर्नचा खेळ आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो, तेव्हा तक्ता आदल्या रात्रीच द्यावा लागतो. पॅरिस दुपारी अडीच, म्हणजे दीडपर्यंत. विम्बल्डन साडेतीन, म्हणजे अडीच. न्यूयॉर्क रात्री साडेआठ, म्हणजे साडेसात, आणि ती आमच्याकडे आरतीची वेळ. आरतीला हातात मोबाइल दिसला तर आई काय करेल ते सांगायला नको, म्हणून यूएस ओपनचा तक्ता मी साडेसहालाच पाठवून मोकळा होतो.