गाडी आपली, इंजिन पाव्हण्याचं

"मामा, लोटसची एलिस घ्यायची झाली तर कुठल्या इंजिनाची घ्याल? रोव्हरच्या का टोयोटाच्या?"

भाच्यानं हे विचारलं तेव्हा माझ्यासमोर मिसळ होती, कटाची वाटी दुसऱ्यांदा भरून आली होती आणि बाहेर उभ्या माझ्या स्कूटरचा काटा रिझर्व्हला टेकला होता. पण ऐपत नाही म्हणून मत नाही, असं कोल्हापुरात कधी झालेलं नाही. मी पाव मोडत म्हणालो, "रोव्हर."

"लई जुनं डोकं हाय तुमचं."

पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. एलिस ही लोटस या इंग्रजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, १९९६ साली आली. ॲल्युमिनियमचा सांगाडा, वजन सव्वासातशे किलोच्या घरात, म्हणजे आपल्या मारुती आठशेपेक्षा थोडंच जास्त. ड्रायव्हरच्या पाठीशी १.८ लिटरचं रोव्हरचं के-सिरीज इंजिन. हलकं, चपळ, अस्सल इंग्रजी, आणि हेड गॅस्केटच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधल्या पातळ पट्टीच्या, दुखण्यासाठी बदनाम. २००४ पासून लोटसनं तिथं टोयोटाचं इंजिन बसवायला घेतलं, आणि पुढच्याच वर्षी रोव्हर बुडाली. तरीही जुन्या एलिसवर जीव टाकणारे लोक आहेत. इंग्रजी गाडीत इंग्रजीच इंजिन पाहिजे, असा त्यांचा बाणा. आता गंमत बघा, टोयोटाचं इंजिन यायच्या आधीच लोटस कंपनी मलेशियाच्या प्रोटॉनच्या घरी नांदायला गेली होती. सध्या ती चीनच्या जीलीकडे आहे.

हेड गॅस्केट काय चीज आहे ते मी जवळून पाहिलंय. आमची जुनी गाडी गगनबावड्याच्या घाटात बसली होती. आधी टेंपरेचरचा काटा चढला, मग पांढरा धूर निघाला. ऑइलचं झाकण उघडलं तर आत दुधाळ कॉफीसारखा चिखल. पाणी ऑइलमध्ये शिरलेलं. मिस्त्रींनी हेड उतरवून गॅस्केट माझ्या हातात दिलं. पातळ पापुद्रा नुसता. दोन सिलिंडरच्या मधोमध नखाएवढी जागा काळी पडून खाल्ली गेलेली. एका नखाएवढ्या जागेनं पाच माणसं आणि डब्यातल्या चटणी-भाकऱ्या दोन तास घाटात बसवून ठेवल्या. त्या दिवशी कुणी टोयोटाचं इंजिन घाटात आणून दिलं असतं तर मी देशाबिशाचा विचारही केला नसता. हे मी भाच्याला सांगितलं नाही.

त्याला सांगितलं ते टीव्हीआरचं. इंग्लंडातल्या ब्लॅकपूलची ही छोटी कंपनी. आपल्या एखाद्या उद्यमनगरातल्या कारखान्यासारखीच, मालक स्वतः शेडमध्ये फिरणारा. त्यांच्या गाड्यांत रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन असायचं. १९९४ साली बीएमडब्ल्यूनं रोव्हर विकत घेतली आणि टीव्हीआरवाल्यांना काळजी लागली, उद्या जर्मनांनी इंजिन द्यायचं बंद केलं तर? त्यांनी स्वतःचं इंजिन करायचं ठरवलं. नाव एजेपी-८. ॲल, जॉन आणि पीटर, तिघांच्या नावांची आद्याक्षरं. १९९६ च्या सर्बेरा गाडीत ते बसलं. पुढं सहा सिलिंडरचं स्पीड सिक्सही त्यांनीच केलं. आवाज असा, की म्हणे रस्त्यावरची कुत्री बाजूला व्हावीत. पण सुरुवातीच्या स्पीड सिक्समध्ये बिघाड बरेच निघाले, इंजिनं पुन्हा पुन्हा उघडायची वेळ आली. २००४ साली कंपनी एका रशियन माणसानं घेतली, २००६ मध्ये ब्लॅकपूलचं काम थांबलं.

"म्हंजे स्वतःचं इंजिन केलं म्हणून मेले," भाचा म्हणाला.

"थांब की. ज्या रोव्हर व्ही-८ ला इंग्रज आपलं आपलं म्हणून उराशी धरून बसले होते ना, ते मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं. अमेरिकेला ते नकोसं झालं तेव्हा रोव्हरनं १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले."

त्यानं फोन काढून खात्री करून घेतली. हल्लीच्या पोरांना मामाचा शब्द पुरत नाही.

खरं सांगायचं तर मला गाड्यांपेक्षा हाच चाळा जास्त आवडतो. बॉनेट उचलायचं आणि विचारायचं, हे कुणाचं? देशांची बॉनेटंही अशीच उचलून बघावीशी वाटतात. २०१४ साली स्कॉटलंडनं स्वतंत्र व्हायचं का म्हणून मतदान घेतलं. स्वातंत्र्यवाल्यांचं म्हणणं, देश आमचा, पण चलन पौंडच ठेवू, दोघांत मिळून. लंडनहून उत्तर आलं, देश घ्या, पौंडात भागी मिळणार नाही. बॉडी तुमची, इंजिन आम्ही देत नाही! शेवटी पंचावन्न टक्के लोकांनी नको म्हटलं. कारणं पुष्कळ होती, पण पौंडाच्या वादात मला टीव्हीआरचा मालक दिसत राहिला.

आणि आपण हसायचं कुणाला? मारुत हे आपलं लढाऊ विमान १९६१ साली उडालं. आराखडा कुर्ट टँक या जर्मन माणसाचा, बांधणी बंगळूरची, ध्येय आवाजाच्या दुप्पट वेगाचं. ज्या ताकदीच्या ऑर्फियस इंजिनावर भिस्त होती ते ब्रिटनकडून मिळालंच नाही. मग कमी ताकदीच्यावर भागवलं आणि विमान आयुष्यभर धापा टाकत राहिलं. तरी १९७१ च्या युद्धात लोंगेवालाला त्यानं काम केलं. आजच्या तेजसमध्येही इंजिन जनरल इलेक्ट्रिकचंच आहे, आणि ते वेळेवर आलं नाही की आपली विमानं हँगरात वाट बघत उभी. उलट रस्त्यावर एक गमतीचा प्रकार होऊन गेला. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल रांजणगावलाही तयार व्हायचं. ते स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, इंडिका व्हिस्टामध्ये, इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. इटलीचं इंजिन, जपानी नावाची गाडी, आणि आमचा शेजारी अभिमानानं सांगायचा, "आपल्या पुण्याकडचं हाय."

कोल्हापूरला हे नवं नाही. १८९१ साली मिरज ते कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. मार्ग संस्थानच्या मालकीचा, गाडी चालवायची सदर्न मराठा रेल्वे कंपनीनं. संस्थानची रेल्वे म्हणून रयतेनं ऊर भरून बघितली असणार. वाफ मात्र कंपनीची. पुढं १ मार्च १९४९ ला संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा रुळांची मालकी कुठली आणि इंजिनाची कुठली, हा प्रश्न आपोआप मिटला.

वडिलांची उद्यमनगरात लेथ होती. शेतावरच्या पंपाला आणि उसाच्या चरकाला लागणाऱ्या ऑइल इंजिनांचे सुटे भाग ते करायचे. ते सांगायचे, जुने मिस्त्री बाहेरचं इंजिन घेऊन यायचे, रात्रीतून उघडायचे, एकेक भाग कॅलिपरनं मोजायचा, लाकडी पॅटर्न कोरायचा, वाळूत दाबायचा आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. शाळा चौथीपर्यंत, पण बोअर हातानं चाचपून किती घासला ते सांगायचे. पहिल्यांदा ओतलेला फ्लायव्हील डगमगायचा, दुसरा कमी डगमगायचा. तिसऱ्यावर स्वतःचं नाव उठवायचे. त्या इंजिनाला काय म्हणायचं? नक्कल म्हणावं तर इथल्या उसाच्या पाण्याला, इथल्या धुळीला सोसेल असे त्यात बदल केलेले. अस्सल म्हणावं तर अंगठेबहाद्दरानं ओळखावं असं साहेबाच्या इंजिनाचं नाकडोळं. वडिलांना हा प्रश्न कधी पडला नाही. हँडल मारल्यावर दुसऱ्या फेरीत सुरू झालं की ते आपलं.

मला तेच पटतं, थोड्या फरकानं. जे आपल्याला उघडून परत जोडता येतं ते आपलं. टीव्हीआरवाल्यांना जोडता येत होतं, पण दुरुस्त करत बसायला पैसा नव्हता. आम्हाला मारुतचं इंजिन उघडता आलं असतं कदाचित, पण मोठं करता आलं नाही. आज उद्यमनगरातल्या आणि एमआयडीसीतल्या फौंड्रीतून ओतलेली कास्टिंगं देशभरच्या गाड्यांत जातात, परदेशातही जातात. साहेबाच्या बॉनेटखाली आपलं बीड आहे. म्हणजे उद्या एखाद्या इंग्रजाला स्वदेशीचा झटका आला, तर अडचण व्हायची.

भाचा फुटबॉलवाला आहे, म्हणून त्याला शेवटी फुटबॉलनंच गाठलं. "तुझ्या पेठेच्या संघात मागल्या हंगामात पुढं कोण खेळत होता?"

"आफ्रिकेतला पोरगा."

"गोल झाला तेव्हा कुणाच्या नावानं नाचलास?"

"पेठेच्या," म्हणाला, आणि लगेच सावध झाला. "पण मामा, ते वेगळं. तो आपल्याकडं राहतोय, तांबडा-पांढरा खातोय."

हे उत्तर मला अजून नीट खोडता आलेलं नाही.

दसऱ्याला आम्ही दोघं दसरा चौकात उभे होतो. आपट्याच्या पानांचा ढीग, तुताऱ्या, पायाखाली चेंगरून चपलांचा पत्ता नाही. राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक आली, दरवर्षी येते तशी, सावकाश, ऐटीत. रोल्स-रॉइसची हौस असलेल्या त्या संस्थानी जमान्यात, इंग्रजांचं राज्य डोक्यावर असताना, आमच्या महाराजांनी जर्मनीची गाडी घेतली, याचं मला लहानपणापासून कौतुक. मेबॅक म्हणजे झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं करणारी कंपनी, पुढच्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांची इंजिनंही त्यांचीच.

"मामा," भाचा माझ्या कानाशी ओरडला, "हिचं इंजिन तर जर्मन!"

आमच्या पुढं उभ्या फेटेवाल्या म्हाताऱ्यानं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. "कुणाचं?" म्हणाला. "महाराजांची गाडी हाय ती, पोरा." आणि पुन्हा टाचा उंचावून गाडीकडं बघायला लागला.