मेट्रोपोलिस, इलिनॉय: दोन लोइस आणि एकच पुतळा

सेंट लुईसचं सगळं एका दमात सांगून टाकते. गेटवे आर्च नावाची ती प्रचंड कमान पाहिली, तिच्या पोटातून वर नेणाऱ्या बुटक्या डब्यात नवऱ्याचे गुडघे छातीला टेकले, मिसिसिपी गढूळ आहे, आणि भाचेसून साबुदाण्याची खिचडी माझ्यापेक्षा मोकळी करते. आता मुद्द्यावर येते.

मुद्दा म्हणजे मेट्रोपोलिस. सेंट लुईसहून दक्षिणेला गाडीने तीनेक तास, ओहायो नदीच्या काठावर, वस्ती सहा हजारांच्या आसपास. नदीपलीकडे केंटकी. कॉमिकमधल्या सुपरमॅनच्या शहराचं नाव मेट्रोपोलिस आणि या गावाचंही तेच, एवढ्या भांडवलावर 1972 मध्ये गावाने आपण सुपरमॅनचं गाव असल्याचं जाहीर करून घेतलं. कॉमिकवाल्या डीसीने होकार दिला, राज्याच्या प्रतिनिधीगृहाने ठराव केला, आणि स्थानिक साप्ताहिकाने स्वतःचं बारसं पुन्हा करून ‘मेट्रोपोलिस प्लॅनेट’ असं नाव लावलं. मोठं मनोरंजन उद्यान काढायचा बेतही होता, तो बारगळला. राहिली ती दरवर्षी जूनमध्ये भरणारी जत्रा. मी पुण्याहून तिकिटं काढतानाच भाच्याला बजावलं होतं, 2024 च्या जूनमध्ये येतोय ते या जत्रेसाठी. कमानबिमान मामाला दाखव.

मला सुपरमॅनचं फारसं काही नाही. उडणारा माणूस उडणारच, त्यात काय. पण मी अर्धं आयुष्य मालिकांच्या निर्मितीत घालवलं, कलाकारांच्या तारखा जुळवण्यात. कुणाचं नाटक लागलंय, कुणाचा सिनेमा अडकलाय, कुणी लग्न ठरल्याचं ऐन वेळी सांगितलंय, अशा वह्याच्या वह्या भरल्यात. त्यामुळे एखाद्या जुन्या मालिकेत कोण कसं आलं आणि का गेलं, हे कळलं की मला गोष्टीपेक्षा त्यातच जास्त रस वाटतो. आणि 1952 ते 1958 चाललेली ‘अॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ म्हणजे या बाबतीत खाणच आहे.

गावात शिरताना गाडी लावायला जागा मिळेना. पहिला अर्धा तास नवरा भाच्यावर आणि भाचा नकाशावर वैतागला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं, आणि त्यात माणसं लाल झगे पांघरून हिंडतायत. तान्ही बाळं झग्यात, कुत्रे झग्यात, चाकाच्या खुर्चीतले आजोबा झग्यात. खायला काठीवरची सॉसेजं, तळलेल्या पिठाच्या जाळीवर पिठीसाखर, आणि लिंबू-साखर खळखळ हलवून देतात ते लेमन शेक-अप. शाकाहारी माणसाने दिवसभर त्या सरबतावर काढायचा. मी काढला. नवऱ्याने दुपारपर्यंत तत्त्वं सोडली होती.

कोर्टाच्या इमारतीसमोर सुपरमॅनचा पंधरा फुटी पुतळा आहे, 1993 चा, निळालाल रंग दिलेला. फोटोसाठी ही रांग. आम्ही लांबूनच नमस्कार केला. मला पाहायची होती ती तिथून थोड्या अंतरावर मार्केट स्ट्रीटवर उभी असलेली लोइस लेन. सुपरमॅनच्या गोष्टीतल्या ‘डेली प्लॅनेट’ या वर्तमानपत्राची वार्ताहर. हा पुतळा कांस्याचा, माणसाच्या मापाचा, आणि चेहरा नोएल नील या नटीचा. 2010 मध्ये अनावरण झालं तेव्हा बाई स्वतः हजर होत्या, वय एकोणनव्वद.

तिथे पोचले आणि मला रागच आला.

कारण त्या मालिकेची पहिली लोइस नोएल नील नव्हतीच. फिलिस कोट्स होती. 1951 च्या उन्हाळ्यात आधी ‘सुपरमॅन अँड द मोल मेन’ हा तासाभराचा सिनेमा झाला आणि त्याला लागूनच मालिकेच्या पहिल्या वर्षाचं शूटिंग. चोवीस भाग, झपाट्याने उरकलेले. एकेका सेटवर निरनिराळ्या भागांचे प्रसंग एकदमच उडवायचे, म्हणून सगळ्यांचे कपडे तेच ते. लोइसचा सूट तोच, हॅट तीच. कंटिन्युइटीची, म्हणजे एका प्रसंगाचं दुसऱ्याशी जुळवत बसायची, भानगडच नको. (आमच्याकडे हे कुणाला सुचलं असतं तर माझे केस इतके पिकले नसते.) त्या गडबडीत एका भागात फ्रँक रिचर्ड्स या नटाचा खोटा ठोसा कोट्सबाईंना खरोखर बसला आणि त्या आडव्या झाल्या. शुद्धीवर आल्यावर बाई पुन्हा कामाला उभ्या. तो पहिल्या वर्षाचा जोर पडद्यावर दिसतो. लोइस खेकसते, दारं आपटते, गुंडाच्या अंगावर जाते. अशी बाई त्या काळच्या टीव्हीवर! आणि तिचा साधा बिल्लासुद्धा मला त्या गल्लीत दिसला नाही.

मी हे सगळं मराठीतून, आणि बहुतेक बऱ्याच वरच्या पट्टीत, नवऱ्याला सांगत होते. बाजूला घडीच्या खुर्च्या टाकून एक म्हातारं जोडपं बसलं होतं. मिझुरीहून आलेलं. माझ्या बोलण्यातलं ‘फिलिस कोट्स’ एवढंच त्यांना कळलं असणार. आजीबाई ताडकन उठल्या, मला म्हणाल्या, तू कोट्सवाली का? हो म्हटल्यावर स्वतःची खुर्ची मला दिली, नवऱ्याला उठवून त्याची आपण घेतली, आणि आजोबा उभे. अमेरिकेतल्या आतिथ्याबद्दल लोक काहीबाही लिहितात. मला तरी त्या प्रवासात मिळालेला सगळ्यात मोठा मान म्हणजे ती गरम झालेली खुर्ची.

आजोबा नीलवाले होते. पन्नास-एक वर्षं त्यांच्या घरात हा वाद चालू असावा, कारण दोघांचे मुद्दे पाठ होते.

आजींचं म्हणणं, कोट्स गेली आणि लोइसचे दात पडले. दुसऱ्या वर्षापासून आलेली नील गोड हसते, संकटात सापडते, वाट पाहते. आजोबांचं म्हणणं, गोड हसणं हा गुन्हा नाही, आणि मुळात पहिली कोण? कोलंबियाने 1948 आणि 1950 मध्ये थिएटरसाठी सुपरमॅनच्या चित्रमालिका काढल्या, दर आठवड्याला एक तुकडा. त्यात सुपरमॅन होता कर्क अलिन आणि लोइस होती हीच, नोएल नील. टीव्हीसाठी नवीन मंडळी आली, त्यांनी नवा सुपरमॅन घेतला, जॉर्ज रीव्ह्ज, आणि नवी लोइस. म्हणजे आधी डावललं गेलं ते नीलला!

हा मुद्दा मला माहीत होता. पण उन्हात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकताना तो जास्त पटला, हेही खरं.

मग मी माझ्या धंद्यातलं बोलले. भाचा दुभाष्या झाला, कारण माझं इंग्रजी भांडणात अपुरं पडतं. म्हटलं, तुम्ही दोघं अभिनयावर भांडताय, आणि घडलं काय? तारखा. पहिलं वर्ष उरकलं, पण प्रायोजक पक्का होऊन मालिका दिसायला 1952 चा सप्टेंबर उजाडला. कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग्ज आले तेव्हा गाडी चालू झाली. दुसऱ्या वर्षासाठी बोलावणं आलं तोवर कोट्सबाईंनी दुसऱ्या मालिकेच्या नमुना-भागाचं काम घेतलेलं. तिला थांबवायला निर्मात्यांनी मोठी रक्कम पुढे केली म्हणतात, पण ती थांबली नाही. नवे निर्माते व्हिटनी एल्सवर्थ यांच्यापुढे प्रश्न साधा होता: लोइसचं काम येणारी आणि मोकळी असलेली बाई कोण? नील. ती आली आणि शेवटपर्यंत राहिली. आणि कोट्स ज्या मालिकेसाठी गेली ती उभीच राहिली नाही. आमच्याकडे एक काळ असा होता की मालिकेत माणूस बदलला तर ‘यापुढे ही भूमिका अमुक साकारतील’ असं निवेदन तरी व्हायचं. इथे काहीच नाही. पोरांनी टीव्ही लावला, लोइस लेनच्या टेबलाशी दुसरीच बाई. आजी म्हणाल्या, मी सात वर्षांची होते, आईला जाऊन सांगितलं की तिला पळवून नेलंय आणि सुपरमॅनला पत्ताच नाही.

बाकीच्यांचं तरी काय वेगळं होतं. रीव्ह्ज म्हणजे 1939 च्या ‘गॉन विथ द विंड’मध्ये पहिल्याच प्रसंगात दिसणाऱ्या दोन जुळ्या भावांपैकी एक. पुढे महायुद्ध, सैन्य, परत आल्यावर कामं बेताची. टीव्ही तेव्हा कमीपणाचा मानत. शूटिंगच्या सुरुवातीला त्याने कोट्सबाईंबरोबर पेला उचलला आणि हा आता तळ गाठला बघ, अशा अर्थाचं काहीतरी बोलला, हे बाई स्वतःच मुलाखतींतून सांगायच्या. खांद्यांना भर घातलेला जाड पोशाख, तोही सुरुवातीला निळालाल नव्हेच, करडा आणि तपकिरी, कारण कृष्णधवल फिल्मवर तो उठून दिसे. चित्रण रंगीत झालं तिसऱ्या वर्षापासून. तारेवर टांगलं तर पडला, मग स्प्रिंगच्या फळीवरून खिडकीबाहेर उडी. आणि डेली प्लॅनेटमधला उमेदवार पोरगा जिमी ओल्सन झालेला जॅक लार्सन तर ब्रॉडवेच्या वाटेवर होता. त्याच्या एजंटने सांगितलं, काम कर, पैसे घे, न्यूयॉर्कला जा, हे काही कुणी बघणार नाही. बघितलं ना लोकांनी! त्याला रस्त्यातून चालणं मुश्कील झालं आणि पुढे जन्मभर जिमी हाच शिक्का. त्याने नंतर नाटकं लिहिली, संगीतकार व्हर्जिल थॉमसनच्या ऑपेराची संहिता लिहिली, पण ते सांगायला कुणीतरी माझ्यासारखी बाई लागते.

तर सगळे नाइलाजाने आलेले. नीलही काही हट्टाने आली नव्हती. पण एक गोष्ट तिने केली जी बाकीच्यांना जड गेली. रीव्ह्ज 1959 च्या जूनमध्ये गोळी लागून गेला, आत्महत्या अशी नोंद झाली, तिच्यावरून आजही वाद आहेत. तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा. त्यानंतर नीलने सिनेमाचं काम जवळपास थांबवलं, पण सत्तरीच्या दशकात कॉलेजांतून व्याख्यानं देत हिंडली, आणि या गावाने बोलावलं की यायची. म्हातारपणीसुद्धा यायची. टेबलामागे बसायची, सह्या द्यायची, तोच प्रश्न शंभरदा ऐकून घ्यायची. आजोबांनी तिच्याशी हस्तांदोलन केलेलं. तो हात त्यांनी मला दाखवला, उजवा, तळव्यावर जुन्या जखमेचा व्रण असलेला. तिने म्हणे तो व्रण पाहून विचारलं होतं, हे कुठे लागलं? ते पत्र्याच्या कारखान्यात होते. ‘वार्ताहरच ती,’ आजोबा म्हणाले.

इथे माझा राग थोडा उतरला. पुतळा गावाचा आहे, आणि गावात जी येत राहिली तिचा आहे. तरी कोट्सबाईंसाठी भिंतीवर एक पाटी लावायला काय हरकत आहे, हे माझं मत कायम आहे. त्या 2023 च्या ऑक्टोबरमध्ये गेल्या, शहाण्णव वर्षांच्या होऊन. नील 2016 मध्ये गेली होती.

केलॉग्जचा किस्साही आजींनीच काढला. कॉर्नफ्लेक्सच्या जाहिराती मालिकेतलेच नट करायचे, क्लार्क केंट (म्हणजे साध्या कपड्यातला सुपरमॅनच) आणि जिमी टेबलाशी बसून खातायत वगैरे. लोइसला मात्र त्यात घेत नसत. का? तर अविवाहित बाई पुरुषांबरोबर सकाळी नाश्त्याला दिसली तर प्रेक्षक भलता अर्थ काढतील! मी हे भाचेसुनेला नंतर सांगितलं तर ती वाटी धुता धुता खो खो हसली. मला हसू आलं नाही, कारण जाहिरातीचे पैसे वेगळे मिळतात.

आणि एक गंमत, जिच्यावर म्हातारा-म्हातारी दोघं एकदम बोलायला लागले. 1978 च्या सुपरमॅन सिनेमात आगगाडीत बसलेल्या छोट्या लोइसची आई कोण? नोएल नील. 1994 मध्ये ‘लोइस अँड क्लार्क’ मालिकेत टेरी हॅचरच्या लोइसची आई कोण? फिलिस कोट्स. म्हणजे दोघींनाही शेवटी आईच केलं. हे तर आमच्याकडच्यासारखंच झालं, म्हटलं. आजी म्हणाल्या, कोट्स चांगली आई होती. आजोबा म्हणाले, नीलची आई खिडकीशी बसली होती. यावर मात्र आम्ही सगळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

संग्रहालय पाहिलं, खेळणी, पोस्टरं आणि पोशाख यांनी खच्चून भरलेलं; एसीपुढे उभं राहण्यासाठी तरी जाच. किराणा दुकानासमोर पिशव्या हातात घेतलेला बिग जॉन नावाचा एक अवाढव्य माणूस उभा आहे, त्याचा सुपरमॅनशी काही संबंध नाही आणि मला तोच सगळ्यात बिनधास्त वाटला. राहायचं असेल तर नदीपलीकडे पॅड्यूकात राहा असं मी म्हणेन. आम्ही महामार्गालगतच्या एका मोटेलात राहिलो, तिथला एसी कुथत होता आणि गालिच्याला ओला वास. सकाळच्या नाश्त्याला, अर्थात, कॉर्नफ्लेक्स.

रात्री भाच्याने टीव्हीवर दुसऱ्या वर्षाचा एक भाग लावून दिला. मी मुद्दाम काही बोलले नाही. नोएल नील आली, टेबलाशी बसली, गोड हसली. नवरा सरबताच्या रिकाम्या पेल्यातला बर्फ चोखत म्हणाला, ‘हीच ना ती, जिला ठोसा बसला?’

मी भाच्याला म्हटलं, बंद कर ते.