तळघरातली गिग
काल रात्री शेजारणीने ओढूनच एका तळघरातल्या गिगला, म्हणजे बँडच्या छोट्याशा लाइव्ह कार्यक्रमाला नेलं, मी तर मस्त ताणून देणार होतो. जेमतेम तीस माणसं, बासवाल्याच्या ॲम्पला चिकटपट्ट्या, ड्रमर मध्येच चुकला, हसला, परत सुरू. शब्द निम्मेच कळले पण व्हायोलिन सुरू झालं आणि अंगावर काटाच आला! दोन वर्षं या परक्या देशात राहतोय, हे सगळं घरापासून दहा मिनिटांवर चालू होतं आणि मी आपला कानात हेडफोन घालून तीच जुनी प्लेलिस्ट. नंतर गायकच टेबल मांडून कॅसेट विकत बसलेला. प्लेअर नाहीये माझ्याकडे, तरी घेतली 😄 बँडकॅम्पवर (कलाकार थेट आपलं संगीत विकतात ती साइट) आहेत ते, कुणाला हवी तर लिंक देतो, आणि घ्यायचंच तर बँडकॅम्प फ्रायडेला घ्या, २०२० पासून त्या ठरावीक शुक्रवारी साइट आपला कट सोडते, एरवी डिजिटलवर १५ टक्के जातात.